हवावाले सर

खोली दाखवायला सर माझ्यापुढे जिना चढले, कुलूप काढलं आणि दार उघडताच मला हातानंच थांबवलं. उंबऱ्यावर उभं राहून, डोळे मिटून त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, “शिळी झाली.”

मला वाटलं, आधीच्या भाडेकरूनं खाण्याचं काही विसरून ठेवलंय. मी म्हटलं, “मी साफ करून घेते, सर.”

“साफ कशी करशील? हवा म्हणतोय मी. खोली बंद होती, हवा शिळी झाली. ही तुला देता येणार नाही. उद्या ये.”

लातूरला सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. बॅग मैत्रिणीकडे पडली होती. पण त्या माणसाच्या आवाजात असा ठामपणा होता की मी माघारी फिरले. दुसऱ्या दिवशी आले तर खोलीच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, दारात बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवलेला टेबलफॅन, आणि सर खुर्चीवर बसून जुनी हवा बाहेर जाते आहे की नाही हे बघत होते. मला बघून म्हणाले, “आता ये. गाव कुठलं?”

“मुखेड.”

“मग तू मुखेड.”

त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव गेलं ते गेलंच. सरांनी सगळी नोकरी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात घालवली होती. वर्गातल्या मुलांना ते गावाच्या नावानं हाक मारत, आणि निवृत्त झाल्यावरही ती सवय सुटली नव्हती. माझ्या शेजारच्या खोलीत जळकोट राहत होती, तिच्या आधी मुरुड होती. गंमत म्हणजे सरांच्या पत्नी, आमच्या काकूही त्यातून सुटल्या नव्हत्या. त्यांचं माहेर उदगीरचं. सकाळी सकाळी खालून मोठ्यानं “उदगीर! चहा!” असं ऐकू आलं की नवीन माणसाला वाटायचं, आपण बसस्टँडवर झोपलोय.

गल्लीत त्यांना सगळे ‘हवावाले सर’ म्हणत. तोंडावर नुसतं सर.

भेटल्यावर लोक जेवण झालं का विचारतात. सर विचारायचे, “श्वास घेतलास का?” पहिल्यांदा मी हसून म्हटलं, “घेऊनच राहिले की, सर.” ते अजिबात हसले नाहीत. “तो आपोआप होतो. मी विचारतोय, तू घेतलास का?” मग तिथंच जिन्यात उभं राहून मला खिडकीकडे तोंड करून श्वास घ्यावा लागला. कार्यालयाला उशीर झाला तरी सुटका नव्हती. साहेबांना काय सांगू, असं विचारलं तर म्हणाले, “सांग, श्वास घेत होते. याच्यापेक्षा महत्त्वाचं काम तुझ्या ऑफिसात असेल तर मला दाखव.”

हे सगळं कुठून आलं, ते त्यांनी मला एकदा गच्चीवर सांगितलं. निवृत्तीनंतर वर्षभर ते घरात नुसते बसून असत. वर्तमानपत्र वाचायचं, घडी करायची, पुन्हा उघडायचं. एकदा जुने सहकारी त्यांना ओढून सहस्रकुंडच्या धबधब्यावर घेऊन गेले. पैनगंगा भरून वाहत होती. तुषार अंगावर घेत ते खडकावर बसले आणि कितीतरी महिन्यांनी त्यांना वाटलं, आता घरी जाऊन काहीतरी करावं. घरी आल्यावर त्यांनी शोध लावला, म्हणजे वाचून काढलं, की पाणी उंचावरून आपटलं की हवेतल्या कणांवर विजेचा भार येतो. त्यांना ऋण आयन म्हणतात. धबधब्याजवळ, जंगलात ते भरपूर असतात, बंद खोलीत जवळजवळ नसतात. “ऋण म्हटलं की माणूस घाबरतो,” सर म्हणायचे. “पण हे एकच ऋण असं आहे की जितकं घ्याल तितकं बरं.” हे वाक्य त्यांना फार आवडायचं. बोलून झाल्यावर ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत थांबायचे.

त्यावर काकूंचं म्हणणं वेगळं होतं. “धबधब्यावरून आले ते माणूस बदलूनच आले. पण माझ्या साड्यांचं वाटोळं झालं.” कारण सरांनी नायलॉनवर बंदी घातली होती. नायलॉन अंगाला घासलं की भार तयार होतो आणि हवेतले चांगले आयन खाऊन टाकतो, असा त्यांचा सिद्धान्त. पटवण्यासाठी ते प्लॅस्टिकचा कंगवा केसांत फिरवून कागदाचे कपटे उचलून दाखवत. काकू म्हणाल्या, “कपटे उचलले म्हणून माझी आकाशी साडी का द्यायची?” पण एका दुपारी बोहारीण आली आणि काकू मंदिरातून येईपर्यंत आकाशी साडी, गुलाबी साडी आणि माझी कठड्यावर वाळत घातलेली ओढणी असं सगळं देऊन सरांनी एक पातेलं घेऊन ठेवलं होतं. ते पातेलं काकूंनी कधीच चुलीवर चढवलं नाही. त्यात कढीपत्त्याचं रोप लावलं.

लातुरात पाण्याची काय तऱ्हा असते, ते लातूरकरांना सांगायला नको. आठ-आठ दिवस नळ कोरडा, आणि सरांनी अंगणात कारंजं केलं. जुन्या कूलरचा पंप, भोकं पाडलेला डबा आणि खाली घमेलं. वरून पाणी बारीक धारांनी पडतंय आणि सर शेजारी पाटावर बसून डोळे मिटून हवा घेतायत. समोरचे निवृत्त तहसीलदार तावातावानं आले. “सर, आम्ही टँकरमागं पळून राहिलो आणि तुम्ही कारंजं उडवून राहिले?” सरांनी त्यांना हात धरून पाटावर बसवलं आणि म्हणाले, “मोजा. एक बादली पाणी आहे. सकाळपासून तेच वर जातं, तेच खाली येतं. संध्याकाळी झाडांना घालतो. तुमच्या घरी भांडी घासायला किती लागतं?” तहसीलदार बराच वेळ धारेकडे बघत बसले. जाताना एवढंच म्हणाले, “गार वाटतंय खरं.” दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःचा पाट घेऊन येऊ लागले.

हा असा माणूस होता. तो इतक्या खात्रीनं बोलायचा की आपल्याकडे तेवढी खात्री नाही याचीच आपल्याला लाज वाटायची.

कारंज्यानंतर मशीन आलं. मच्छर मारायच्या बॅटमधले भाग, शिवणाच्या सुया आणि बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा. सुयांच्या टोकांवरून भार हवेत सुटतो, म्हणजे डब्यातला धबधबा. चालू केलं की अगदी बारीक सूं आवाज यायचा आणि झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा वास. “हा ताज्या हवेचा वास,” सर म्हणायचे. काही दिवसांत डब्यामागची भिंत काळी पडली. काकू फडकं घेऊन आल्या तर सर आडवे. “पुसू नको! हा पुरावा आहे. ही सगळी धूळ आपल्या छातीत गेली असती.” ते खरंच होतं. धूळ भिंतीला चिकटत होती, ते आम्ही डोळ्यांनी बघत होतो. त्यामुळे पुढचंही सगळं खरंच असणार, असं आम्हाला वाटलं.

सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींचा एक घोळका होता. त्यांच्यापुढे सर रोज बोलायचे. कुणाची झोप, कुणाची डोकेदुखी, कुणाचं उदास वाटणं. सर ऐकून घ्यायचे आणि आठवडाभरात त्या माणसाच्या घरी डबा पोचायचा. एक पैसा घेत नसत. वर्षभरात बागेतल्या बहुतेकांच्या घरच्या भिंती काळ्या झाल्या.

त्याच सुमाराला माझी आई मुखेडहून माझ्याकडे आली. तिला दमा. आमचं शेत, घर, जनावरं, सगळं तिनं छातीवर हात ठेवून केलेलं. लातुरातल्या डॉक्टरांनी तिला श्वासाबरोबर औषध ओढायचा पंप दिला होता, रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. पण पंपाचं नाव काढलं की आईचं तोंड उतरायचं. पंप लागला म्हणजे शेवट आला, असं आमच्याकडे समजतात. ती तो पदराआड धरून, भिंतीकडे तोंड करून घ्यायची.

सरांनी तिला खाली बोलावलं, खुर्ची दिली, मशीन चालू केलं आणि तासभर धबधब्याची गोष्ट सांगितली. आई वर आली ती उजळलेल्या चेहऱ्यानं. “लई शिकलेला माणूस हाय गं. आन् किती साधं बोलतो! मला तर लई हलकं वाटून राहिलंय.”

पुढच्या पंधरवड्यात ती खरंच बरी दिसू लागली. पंप सुरू होता, धुरा-धुळीपासून ती लांब होती, आणि दिवसातून तासभर कुणीतरी तिच्याशी मानानं बोलत होतं. यातल्या कशानं काय झालं, याचा विचार मी केला नाही. सरांनी तर नाहीच केला. ती मुखेडला निघाली तेव्हा सरांनी तिच्यासाठी खास मोठा डबा बनवून दिला, स्वतः बसमध्ये चढून तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “ताई, बंद करायचा नाही. हवा हेच औषध आहे.”

पुढच्या हिवाळ्यात, तुरीच्या राशी चालू असताना, दुपारी कार्यालयात भावाचा फोन आला. आईला धाप लागली होती, बोलताही येत नव्हतं, तो तिला जीपमध्ये घालून नांदेडला नेत होता. मी घरी येऊन पिशवी भरत होते तर सर चपला घालून जिन्याखाली उभे. “चल,” म्हणाले. मी नको म्हणायच्या आत ते रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवत होते. नांदेडच्या बसमध्ये ते कंडक्टरपासून मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना खिडक्या उघडायला सांगत होते. अहमदपूर गेल्यावर गप्प झाले.

नांदेडच्या दवाखान्यात आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. आम्ही पोचलो तोपर्यंत धोका टळला होता. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाईंनी मास्क काढायला सांगितला, आणि आईनं आधी माझ्याकडं नाही, सरांकडं बघितलं. बारीक आवाजात म्हणाली, “सर, मशीन चालूच हुती. एक दिस बी बंद केली न्हाई. माझंच काय तरी चुकलं असंल.”

सरांचा चेहरा मी तेव्हा बघितला. त्यांची नजर काढून ठेवलेल्या मास्कवर होती.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या आतबाहेरच्या, छातीच्या विकारांच्या. त्यांनी विचारलं, “आणि पंप, मावशी?”

“त्यो सोडला की. सर म्हणले, हवाच औषध हाय.”

“मी पंप सोडा असं म्हटलं नव्हतं,” सर पटकन म्हणाले.

बाईंनी वळून बघितलं. मग अगदी हळू म्हणाल्या, “सोडू नका, असं म्हटलं होतं का, सर?”

सरांनी त्यांच्याकडं निरखून बघितलं. “निलंगा?”

“हो, सर.” त्या वाकून त्यांच्या पाया पडल्या. “तुमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचे.”

मग त्यांनी आम्हाला बाहेर बाकावर बसवलं आणि मशीन कसं आहे ते सगळं विचारून घेतलं. वासाचं ऐकून त्यांनी मान हलवली. “सर, तो ओझोन. घरी केलेल्या अशा डब्यातून तो निघतो. तुमच्या-माझ्या छातीला एक वेळ चालेल, पण दम्याच्या नळ्यांना तो टोचतो. आयनांवर जगात पुष्कळांनी काम केलंय. मनाला थोडं बरं वाटतं असं काहींना दिसलं, काहींना नाही दिसलं. दम्याला फायदा होतो असं म्हणण्याइतका पुरावा अजून तरी नाही. तुम्ही मोजून पाहिलं होतं का?”

“भिंत काळी झाली,” सर म्हणाले.

“ती धूळ, सर. मी माणसाबद्दल विचारते आहे.”

त्या आत गेल्या. सर बाकावर बसून राहिले. मला वाटलं, ते काहीतरी म्हणतील, निलंगा अजून लहान आहे, वैद्यकवाल्यांना भौतिकी कळत नाही, असलं काही. ते एवढंच म्हणाले, “मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे मी हिला शिकवलं. आणि मी दोन वर्षं बोलूनच राहिलो.”

लातूरला आल्यावर त्यांनी मशीन फेकून दिलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. त्यांनी फेकलं नाही. “निलंगा म्हणते म्हणून मी सोडणार नाही, आणि मी म्हणतो म्हणून धरणार नाही. आधी मोजू.” आणि मग आमच्या घरात असा एक महिना गेला की तसला मी पुन्हा बघितला नाही.

डबा सरांच्या खोलीत, वरून हवा मोकळी राहील असा, जाड गोधडीच्या आडोशाला ठेवला. सर फिरायला गेले की काकूंनी नाणं उडवायचं. छापा पडला तर मशीन चालू, काटा पडला तर बंद. मग काकूंनी थेट स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घ्यायचं. “तिचं तोंड बघितलं की मला सगळं कळतं,” सर म्हणाले, “म्हणून ती मला दिसायची नाही.” आवाज कळू नये म्हणून पंखा पूर्ण वेगानं आणि कानात कापूस. वास कळू नये म्हणून नाकाखाली बाम चोपडायचा. असे ते तासभर खोलीत बसायचे, थंडीच्या दिवसांत पंख्याखाली, शाल पांघरून, डोळ्यांतून बामाचं पाणी गाळत. शेजारची जळकोट एकदा चहापत्ती मागायला खाली गेली, ते ध्यान बघून पत्ती न घेताच वर आली.

तास संपला की मी दारातून विचारायचं, “सर, चालू की बंद?” ते उत्तर द्यायचे. मी ते काकूंना जाऊन सांगायचं. बरोबर आलं तर काकू एक चिंचोका पितळी डब्यात टाकायच्या, चुकलं तर स्टीलच्या. आपलं बरोबर आलं की चुकलं, ते सरांना महिनाभर सांगायचं नाही.

ते माझ्यानं फार कष्टानं झालं. कारण सर नुसतं “चालू” म्हणत नसत. “चालू! शंभर टक्के! डोकं बघ कसं पाखरासारखं झालंय,” असं म्हणून ते गुणगुणत बाहेर यायचे, आणि काकू स्वयंपाकघरात काटा पडलेलं नाणं मला दाखवायच्या. कधी ते जड चेहऱ्यानं “बंद. आज हवेत काही नाही” म्हणत, आणि मशीन तासभर सूं करत चाललेलं असायचं. कधी अगदी बरोबर यायचं, तेव्हा काकू लहान मुलीसारखी टाळी वाजवायला जायच्या आणि आवाज होईल म्हणून हात तोंडावर न्यायच्या. आपला नवरा जिंकावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. एकदा चुकलेला चिंचोका हातात धरून त्या म्हणाल्या, “मुखेड, हा पितळीत टाकला तर कुणाला कळणार आहे?” त्याच पुढे म्हणाल्या, “त्यांना नाही कळणार. पण मला तोंड दाखवायचंय त्यांना.” आणि तो स्टीलच्या डब्यात गेला.

महिना झाला त्या सकाळी सरांनी अंगणात वर्तमानपत्र अंथरलं आणि दोन्ही डबे शेजारी शेजारी ओतले. मोजायची गरजच नव्हती. दोन ढिगारे जुळ्या भावांसारखे. तरी सरांनी मोजले. मग पुन्हा मोजले.

“नाणं उडवून मी उत्तरं दिली असती,” ते म्हणाले, “तरी एवढीच बरोबर आली असती.”

काकू घाईनं म्हणाल्या, “अजून एक महिना करू. थंडीनं तुमचं डोकं जड होतं. उन्हाळ्यात बघू.”

“निकाल आवडला नाही म्हणून परीक्षा परत घ्यायची नसते, उदगीर.” त्यांनी चिंचोके ओंजळीनं गोळा केले. “एका म्हाताऱ्याच्या डोक्यावरून जगाचं ठरत नाही, हे मला कळतं. पण ज्या खात्रीनं मी सांगत होतो, ती खात्री माझ्याजवळ नव्हती, एवढं ठरलं.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. ते खचतील, पुन्हा वर्तमानपत्राची घडी करत बसतील, याची मला भीती होती. काकूंना तर माझ्याहून जास्त होती. सर उठले, नळाखाली हात धुतले, आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, “उद्या बागेत सांगतो. तूही चल, मुखेड. मी सगळं खरं सांगतोय की नाही, ते बघायला कुणीतरी पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी बागेत ते बाकावर चढून उभे राहिले. त्यांनी प्रस्तावना केली नाही. “मी तुम्हाला हवेबद्दल जे सांगत आलो, त्यातलं बरंचसं मला माहीत नव्हतं,” असं म्हणून त्यांनी आईचा दवाखाना, ओझोन, बाम, चिंचोके, सगळं सांगितलं. स्वतःचं ‘शंभर टक्के’सुद्धा सांगितलं. काहीजण हसले. सरांनी त्यांना हसू दिलं.

“तर आज दुपारपासून मी घरोघरी येईन. डबे परत द्या.”

कुणीतरी म्हणालं, “म्हणजे आम्हाला येड्यात काढलं होतं का, सर?”

“आधी स्वतःला काढलं,” सर म्हणाले. “मग तुम्हाला.”

सगळ्यात जास्त त्रास तहसीलदारांनी दिला. आम्ही दोघं पिशव्या घेऊन त्यांच्याकडं गेलो तर ते डबा छातीशी धरून दारात उभे. “सर, मला दमा नाही, काही नाही. याच्यामुळं मला झोप लागते. तुमचं विज्ञान तुमच्याजवळ ठेवा, माझा डबा राहू द्या.”

“झोप तुमची आहे,” सर म्हणाले. “ती मी नेत नाही. डबा माझा आहे.”

“एकदा दिलेलं परत मागायला तुम्हाला काही वाटत नाही?”

“लई वाटतं. म्हणून तर स्वतः आलो.”

तहसीलदारांनी डबा दिला आणि धाडकन दार लावलं. पुढे कितीतरी दिवस ते सरांशी बोलले नाहीत. पाट घेऊन कारंज्यावर यायचंही सोडलं. सरांनी त्यांची समजूत घातली नाही. संध्याकाळी अंगणात डब्यांची रास पडली होती. सर पाटावर बसून एकेका डब्यातून सुया काढून काकूंच्या शिवणाच्या पेटीत ठेवत होते.

एक डबा राहिला होता, आईकडचा, नांदेडपासून बंद पडून असलेला. पुढच्या रविवारी मी घरी जाणारच होते, सर बरोबर आले. मुखेडला त्या दिवशी ऊन कडक होतं. आई ओट्यावर तूर निवडत बसली होती. सरांना बघून ती धडपडत उठली, डोक्यावर पदर घेतला. सर ओट्यावर टेकले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, “ताई, दवाखान्यात तुम्ही म्हणालात, तुमचं काहीतरी चुकलं. तुमचं नव्हतं चुकलं. माझं चुकलं. ते सांगायला आलोय.”

आमच्या दारात येऊन शिकलेला माणूस असं बोलल्याचं आईनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं विचारलं, “मंग ती हवेची गोष्ट समदी खोटी?”

“समदी न्हाई,” सर तिच्याच भाषेत म्हणाले. “थोडी खरी हाय. थोडी खरी गोष्ट मी पुरी खरी म्हणून सांगितली.”

आईनं त्यावर विचार केला. “आमच्याकडं समदे तसंच सांगतेत,” ती म्हणाली. “परत येऊन कुणी सांगत न्हाई.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “तवा ठेव. सर जेवून जातील.”

“जेवतो. जाताना डबाही नेतो. पण आधी पंप आणा. तुम्ही कसा घेता ते मला बघायचंय. नांदेडला फोन करून मी सगळं विचारून घेतलंय.”

आईनं रस्त्याकडं बघितलं. बाजूच्या ओट्यावर बायका बसलेल्या, समोर पिंपळाखाली चार म्हातारे. ती आत जायला निघाली तर सर म्हणाले, “आत न्हाई. इथं. चष्मा कुणी आत जाऊन लावतं का?”

तिनं पंप आणला, पदराआड धरून फुस्स केलं. सरांनी कपाळावर हात मारला. “अहो, समदं औषध जिभेवर गेलं! छातीत काय गेलं?” आणि ते उभे राहिले, वर्गात राहत तसे, हात मागे बांधून. “परत. आधी हलवा. आता छातीतली सारी हवा बाहेर सोडा. सारी. अजून आहे. हां. आता ओठ घट्ट. हळूहळू आत ओढायला लागा, ओढता ओढता दाबा... आणि रोखा.”

आवाज इतका मोठा होता की पिंपळाखालचे म्हातारे उठून आले. त्यातल्या एकानं बंडीच्या खिशातून स्वतःचा पंप काढला, जो त्याच्याकडं आहे हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारची मावशी निवडायचं सूप बाजूला ठेवून पुढं सरकली. सरांनी कुणालाही गाव विचारलं नाही, कारण ते एकच होतं. त्यांनी हात वर केला आणि एकेक बोट उघडायला सुरुवात केली. बोटं संपेपर्यंत सोडायचं नाही, असं त्यांनी डोळ्यांनीच बजावलं होतं. आई पदर खाली टाकून, गाल फुगवून त्यांच्याकडं बघत होती, आणि आमच्या ओट्यावरची सगळी माणसं, दमा असलेली आणि नसलेली, श्वास रोखून बसली होती.